मी सासऱ्यांची गिनी तपासतो

सासऱ्यांनी विश्वासाने हातात दिलेली वस्तू जावयाने इलेक्ट्रिक टूथब्रशने घासू नये, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरज आजवर कुणाला पडली नसावी.

आमच्याकडे मिशिगनमध्ये मुलगी हायस्कूल पास झाली की अंगणात मांडव घालतात. लग्नाचा नाही, बारावीचा. त्याला ओपन हाउस म्हणतात. ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी यायचं, मुलीचे रांगत्या वयापासूनचे फोटो बघून हळहळायचं, पाकीट द्यायचं आणि समोसे खाऊन जायचं. आमच्या अनयाच्या मांडवासाठी माझे सासरे एकनाथराव खास अमरावतीहून ॲन आर्बरला आले. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्यांची सारी नोकरी झाली, त्यामुळे विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याची त्यांना अजिबात भीती वाटली नाही. उलट "शिक्का नीट उमटला नाही" म्हणून त्यांनी त्यालाच परत उमटवायला लावला.

आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी, चहा झाल्यावर, बाबांनी बंडीच्या आतल्या शिवलेल्या खिशातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली. आत एक नाणं होतं. जुनं, मळकट पिवळं, कडेला काळसर झालेलं. एका बाजूला लांब केसांचा राजा, दुसऱ्या बाजूला इस्पिकाच्या पानासारखी ढाल.

"ही गिनी," बाबा म्हणाले. "अस्सल. जॉर्ज राजाच्या वेळची. दीपाच्या आईच्या माहेराहून आलेली. अनयाला मांडवात सगळ्यांसमोर द्यायची. तोवर जावईबापू, तुमच्यापाशी ठेवा. तुमच्यासारखा काळजीचा माणूस नाही."

दीपाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला मात्र "अस्सल" हा शब्द टोचला.

बाबांच्या अस्सल वस्तूंचा मला अनुभव होता. मागच्या खेपेला आणलेल्या अस्सल चंदनाच्या गणपतीने अभिषेकात रंग सोडला होता आणि आमचं देवघर तपकिरी केलं होतं. त्याआधीच्या अस्सल शिलाजिताबद्दल मी इथे बोलणार नाही. शिवाय मी गाड्यांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तपासल्याशिवाय सही करायची नाही, हे माझं शीलच आहे म्हणा ना. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवाच्या खांबांचे नट हलवून पाहिले होते, असं दीपा सांगते. त्यातला एकच सैल होता.

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटवर गिनी शोधली. जॉर्ज राजाच्या, इस्पिकी ढालीच्या या गिनीच्या पितळी नकला इंग्लंडात ढिगाने निघाल्या होत्या. लोक पत्ते खेळताना त्या पैशांऐवजी वापरत. माझा बॉस जुनी नाणी जमवतो आणि तो मांडवात येणार होता. मी चित्र डोळ्यांसमोर आणलं: बाबा गिनी पुढे करतायत, बॉस खिशातून भिंग काढतोय आणि सगळ्यांसमोर म्हणतोय, "अरे वा, पत्त्यांतलं नाणं!"

म्हणजे मी जे केलं ते बाबांच्या अब्रूसाठी केलं. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं. त्यात माझ्या अब्रूचा वाटा किती होता, याचा हिशेब मी मांडला नाही.

शुक्रवारी मी घरून काम करतो. दीपा ऑफिसला गेली, अनया मैत्रिणींकडे, बाबा जेवून आडवे झाले. मी गिनी काढली आणि तपासणीला सुरुवात केली. आधी फ्रिजवरचं नायगराचं लोहचुंबक लावलं. गिनी चिकटली नाही. पण पितळही चिकटत नाही, हे नंतर लक्षात आलं. मग पोहे मोजायच्या काट्यावर ठेवली, तर काट्याने वजनाऐवजी बॅटरी संपल्याचं कळवलं. भिंगातून अक्षरं वाचायला गेलो. राजाच्या नावापुढे नुसती आद्याक्षरं, टिंबं, पुन्हा आद्याक्षरं. एवढ्या पदव्या नावापुढे लावणारा माणूस आमच्या कंपनीत एकच आहे आणि तो काहीही काम करत नाही. माझा संशय वाढला.

तेव्हा मला आठवलं की पूर्वी लोक सोनं चावून बघत.

मी चावलं. "कट" असा आवाज झाला. सोनं मऊ असतं म्हणून मी जरा जोर लावला होता. नाणं तोंडातून काढलं, तर त्याच्याबरोबर माझ्या दाढेवरच्या कॅपचा अर्धा तुकडाही आला. आणि जॉर्ज राजाच्या गालावर एक बारीक, पण स्पष्ट खळी पडली होती.

आमच्या चार घरं पलीकडे डॉक्टर बुद्धभूषण मेश्राम राहतात. नागपूरचे, दातांचे डॉक्टर, माणूस लाखमोलाचा. त्यांनी लगेच दवाखान्यात बोलावलं, खुर्चीत आडवं केलं आणि दिवा तोंडात रोखला.

"काय चावून राहिले होते, संजीवभाऊ?"

"चिक्की," मी म्हणालो.

"चिक्कीनं असं तुटत नाही ना. धातूवर तुटते असं. खरं सांगा, मी तुमच्या मिसेसला सांगत नाही."

तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा असताना खोटं बोलणं अवघड जातं. मी सांगून टाकलं. बुद्धभूषण हसले नाहीत. हसले असते तर पुढचं टळलं असतं. त्यांनी अतिशय कळकळीने विचार केला. राजाच्या गालावरची खळी नाहीशी करता येईल, ते म्हणाले. सोन्याच्या दातांना चकाकी आणायची एक पेस्ट त्यांच्याकडे होती. थोडीशी एका डबीत घालून त्यांनी मला दिली. "हलक्या हातानं लावजा. आणि दुकानात दाखवून घ्या एकदा. डोक्याला ताप नको."

दुकानात दाखवायचं तर वस्तू जरा नीटनेटकी हवी. हे मला राधाकाकूंनीही सांगितलं. राधाकाकू शेजारच्या घरात मुलाकडे राहतात. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे सल्ला विचारावा लागत नाही. मी कुंपणावरून फक्त एवढंच म्हणालो, "काकू, जुनं सोनं कशाने स्वच्छ होतं हो?"

"रिठ्याचं पाणी. रिठे नसतील तर टूथपेस्ट. आणि चांगलं घासायचं, संजीव, हात राखून नाही. आमच्या पाटल्या बघ," असं म्हणून त्यांनी कुंपणावरून दोन्ही हात दाखवले. पाटल्या खरोखर झगझगत होत्या.

रिठे नव्हते. मी पेस्ट लावली, त्यावर टूथपेस्ट लावली आणि हात दुखायला लागला तेव्हा दीपाचा इलेक्ट्रिक टूथब्रश आणला. तो "डीप क्लीन"वर ठेवला. मला वाटतं माझं चुकलं ते तिथे. आधीचं सगळं समजून घेता येईल, पण डीप क्लीन नाही.

पाण्याखाली धरलं तर गिनी लखलखत होती. खळी गेली होती. तिच्याबरोबर राजाचे केस, भुवया आणि नाकाचा शेंडाही गेला होता. मळकट, गंभीर, दोन-सव्वादोनशे वर्षांचं ते नाणं आता थेट चॉकलेटवरच्या सोनेरी कागदासारखं दिसत होतं. आधी मला ते पितळेचं असेल अशी शंका होती. आता ते कुणालाही पितळेचंच वाटलं असतं.

मग मी दुकान शोधलं. वेबसाइटवर वेळ घ्यायची होती, त्यात प्रश्न होते. नाणं कुठून मिळालं? मी लिहिलं, "सासरे." स्थिती कशी आहे? इथे नाण्याची की सासऱ्यांची, असा क्षणभर गोंधळ झाला. नाण्याचे मालक आपणच का? मी "हो"च्या चौकोनात खूण केली. माऊस जरा जड लागला, पण केली.

वेळ शनिवारी सकाळची मिळाली, म्हणजे मांडवाच्या आदल्या दिवशी. घरी सांगितलं की मांडवाच्या कामाला जातोय. हे खोटंही वाटलं नसतं, कारण मांडवाचं काम खरंच अडलं होतं. आमच्या वसाहतीच्या कमिटीला तंबूची लांबी-रुंदी हवी होती, ती दिली. मग रंग हवा होता, पांढरा म्हणून कळवलं. मग तंबू ही "वास्तू" आहे की "फर्निचर", हे मीच ठरवून कळवायचं होतं. वास्तू म्हटलं तर परवानगीला महिना लागत होता, फर्निचर म्हटलं तर रात्री घरात न्यावं लागत होतं.

"मांडवाचं काम? मी येतो," बाबा म्हणाले आणि पायात बूट घालायला बसले. "परवानग्या कशा काढायच्या ते मला विचारा."

त्यांना नको कसं म्हणणार? गाडीत बाबा सगळा वेळ खुशीत होते. गावाबाहेरच्या एका दुकानांच्या रांगेत नाण्यांचं दुकान होतं, आणि नशिबाने शेजारीच डोनटचं. बाबांना तिथे खिडकीपाशी बसवलं, समोर कॉफी ठेवली आणि म्हणालो, "बाबा, इथेच बसा. शेजारच्या ऑफिसातून एक कागद घेऊन येतो."

दुकानदार पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस होता. मखमलीचा तुकडा पसरून त्याने गिनी त्यावर ठेवली. वजन केलं. एका यंत्राखाली धरली. डोळ्याला भिंग लावलं. मग भिंग काढून चष्मा पुसला आणि पुन्हा लावलं.

"खरी आहे," तो शेवटी म्हणाला. "जॉर्ज तिसरा. सोनंही पूर्ण आहे." आणि मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत अक्षरशः वेदना होती. "हू डिड धिस?"

मी पुढचं वाक्य कितीदा तरी मनात बदलून पाहिलं आहे. त्याक्षणी मात्र ते फार सहज आलं.

"माय फादर-इन-लॉ," मी म्हणालो. "म्हातारे आहेत. गावाकडचे. त्यांना काही कळत नाही."

दुकानदार माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मी वळलो. दारात बाबा उभे होते. एका हातात कागदात धरलेला डोनट होता, बहुधा माझ्यासाठी आणलेला. तहसील कचेरीत तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी फायली वाचलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मखमलीवरच्या चकचकीत गिनीकडे. मग दोन पावलं पुढे येऊन ते दुकानदाराला म्हणाले, "यस. आय डिड. सॉरी."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण मिशिगनची जमीन सपाट आणि घट्ट आहे. दुकानदाराने बाबांना समोर बसवून चांगलं दहा मिनिटं समजावलं. जुनं नाणं कधीही घासू नये. कधीही. मळ हेच त्याचं वय असतं. ही आहे तशी राहिली असती तर हौशी संग्राहकांनी सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट किंमत मोजली असती. आता नुसता सोन्याचा भाव. आकडे त्याने हळू आवाजात, मला एकट्याला सांगितले. बाबा शाळेतल्या मुलासारखी मान डोलवत होते, मध्येच "यस सर" म्हणत होते. निघताना दुकानदाराने त्यांना नाण्यांची निगा कशी राखावी याचं एक माहितीपत्रक दिलं. बाबांनी ते नीट चौघडी करून खिशात ठेवलं.

गाडीत मी तोंड उघडलं. "बाबा, मी..."

"एसी जरा कमी करा," बाबा म्हणाले. डोनट मागच्या सीटवर पडून होता.

रविवारी मांडव उभा राहिला एकदाचा, फर्निचर म्हणून. माणसं आली, समोसे गेले. बॉस आला. बुद्धभूषण आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी स्वतःच्या दाढेला बोट लावत "कशी आहे?" अशी खूण केली. राधाकाकू पाटल्या घालून आल्या. मग बाबांनी अनयाला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडून परत घेतलेली पुरचुंडी सोडली. उन्हात गिनी अशी चमकली की पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे मिटले.

"बाबा," दीपा पुढे येत म्हणाली, "ही अशी कशी झाली? आईची गिनी अशी नव्हती."

"आजोबा, इट्स सो शायनी!" अनया म्हणाली. "इज इट रिअल?"

माझा बॉस खरोखरच खिसे चाचपायला लागला.

बाबांनी सावकाश माझ्याकडे हात केला. "तुझ्या पप्पांना विचार. त्यांनी तपासली आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसतं फाइल योग्य टेबलाकडे सरकवावी तसं त्यांनी मला पुढे केलं. पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. चुंबक, काटा, दाढ, पेस्ट. दाढेपाशी हशा पिकला. "चिक्की म्हणे!" असं बुद्धभूषण ओरडले. टूथब्रशपाशी तर बॉसच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचं की नाण्याचं, सांगता येत नाही. मी तिथे थांबलो असतो तर गंमत म्हणून सगळं खपून गेलं असतं. तसा मोह झाला. पण दीपा हसत नव्हती.

"आणि दुकानदाराने विचारलं हे कुणी केलं," मी म्हणालो, "तर मी बाबांचं नाव सांगितलं."

हसू थांबलं. तंबूचं कापड तेवढं फडफडत होतं.

"डॅड," अनया हळूच म्हणाली. "दॅट्स सो नॉट ओके."

दीपाने गिनी लाल फडक्यात गुंडाळली आणि ती घरात गेली. मी तिच्या मागे जाऊन "सॉरी" म्हणालो. ती म्हणाली, "मला नको. ज्यांना म्हणायचं त्यांना म्हण." आणि मग, दार लावता लावता, "तो ब्रश मी दोन दिवस वापरतेय."

पाहुणे गेल्यावर बाबा रिकाम्या तंबूत खुर्ची टाकून बसले होते. मी खुर्च्या घडी करत करत त्यांच्यापर्यंत पोचलो आणि वाकून पायांना हात लावला. सणावाराला लावतो तसा नाही.

"बाबा, चुकलो मी."

"बसा," ते म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "त्या माणसानं आकडा सांगितला तो मला ऐकू नाही आला. घासली नसती तर किती?"

मी सांगितला. बाबांनी मनातल्या मनात रुपये केले असावेत, कारण त्यांचे ओठ हलले आणि मग ते थोडे मागे टेकले.

"म्हणजे पितळेची नव्हती," ते म्हणाले.

"बाबा?"

"लग्नात सासऱ्यांनी दिली तेव्हापासून मला शंका होती. त्यांचा हात जरा आखडता होता. सोनाराकडं न्यायला कितीदा तरी निघालो. सराफ्यापर्यंत जाऊन परत आलो. पितळ निघाली असती तर दीपाच्या आईला सांगणार कसं? तिचा फार जीव होता या गिनीवर. म्हणून मीच सगळ्यांना ठणकावून सांगत राहिलो, अस्सल आहे." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "आज ती असायला हवी होती, हे ऐकायला. बरं, चला, तंबू आत न्यायचा आहे ना?"

तंबूची कापडं आम्ही दोघांनी मिळून घडी केली. बाबांच्या घड्या सरळ येत होत्या, माझ्या नाही.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघणार एवढ्यात बाबांचा आवाज घरभर घुमला. अमरावतीला व्हिडिओ कॉल लागला होता. तिकडे संध्याकाळ होती आणि बाबांचे भाऊ, भावजया, पुतणे असे सगळे एका फोनसमोर दाटीवाटीने बसले होते.

"अस्सल निघाली!" बाबा ओरडून सांगत होते. "अमेरिकेतल्या तज्ज्ञानं मशीनवर लावून सांगितलं! मी म्हणत नव्हतो? जावईबापूंनी एवढ्या कामातून वेळ काढून, मला गाडीत घालून नेलं. स्वतःच्या हातानं घासून लखलखीत केली. फार काळजीचा माणूस! थांबा, देतो त्यांना."

मी खुणेने नको नको म्हणत मागे सरकत होतो. दीपा स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. आदल्या दुपारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. बाबांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. पलीकडे दहा-बारा चेहरे कौतुकाने माझ्याकडे बघत होते.

"वा, जावईबापू!" कुणीतरी म्हणालं. "सांगा ना, कशी तपासली?"